सांडव्याच्या पाण्यामागून

हैदराबादेत आलेला पाहुणा हुसेनसागर पाहतो तो टँकबंडावरून, म्हणजे तळ्याच्या बांधावरून. समोर बुद्धाचा उभा पुतळा, फोटो, की झालं. मला बांधाची खालची बाजू बघायची होती. तळं भरलं की जादा पाणी जातं कुठे, आणि त्या वाटेवर राहतं कोण, हे पायी फिरून पाहायचं होतं.

हे तळं शहरापेक्षा वयाने मोठं. इब्राहिम कुतुबशहाच्या काळात, १५६२च्या सुमारास, हुसेनशाह वलींनी ते बांधलं आणि मुसी नदीचं पाणी कालव्याने आणून भरलं. चारमिनारचं हैदराबाद वसलं १५९१ साली. तळ्याच्या उत्तरेला सिकंदराबाद आलं ते तर १८०६मध्ये. म्हणजे आधी पाणी, मग वस्ती. हा क्रम आपण विसरलो, आणि त्याची किंमत बांधाखालच्या मोहल्ल्यांनी मोजली.

सांडव्याचा नाला कवाडीगुडा, अशोकनगर, बाग लिंगमपल्ली, नल्लाकुंटा असा वस्त्यांना खेटून मुसीकडे जातो. कुठे उंच काँक्रीटच्या भिंती, कुठे घराची मोरी थेट नाल्यात. वास येतो, पाणी काळं आहे. ऑगस्ट २०००मध्ये एका दिवसात २४ सेंटिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा या भागातली घरं पाण्यात गेली. ऑक्टोबर २०२०मध्ये पुन्हा तेच. नाल्यालगतच्या गल्ल्यांत उंबऱ्यापुढे दोन-तीन पायऱ्या चढवून घेतलेली घरं दिसतात. पूर इथल्या बांधकामातच शिरला आहे.

विद्यानगरात आल्यावर चाल आपोआप मंदावली. इथून उस्मानिया विद्यापीठ हाकेच्या अंतरावर. १९५६पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात आणि पुढे हैदराबाद राज्यात होता. आमच्याकडची पोरं मनमाड-काचीगुडा मीटरगेजने इथे शिकायला यायची. १९३८ साली विद्यापीठाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना काढून टाकलं, आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना जवळ केलं. मराठी वाचकाला ही गोष्ट मुक्तिसंग्रामाच्या पुस्तकातून ठाऊक असते. ती ज्या जमिनीवर घडली, तिथे उभं राहिलं की अंगावर काटा येतो.

शिवम रोड ओलांडून बाग अंबरपेठेत गेलो, ते बतुकम्मा कुंटा या तळ्यासाठी. बतुकम्मा हा नवरात्राच्या दिवसांतला तेलंगणातल्या बायकांचा फुलांचा सण; पूर्वी इथे फुलं रचून केलेल्या बतुकम्मा पाण्यात सोडल्या जात. मग भराव पडला, कचरा पडला, झुडपं वाढली, आणि साधारण १४ एकरांचं तळं पाचेक एकरांवर आलं. २०२५मध्ये सरकारी यंत्रणेने अतिक्रमणं हटवून खोदाई सुरू केली, आणि थोड्याच फुटांवर पाणी लागलं. वर्षानुवर्षं ते खालीच होतं! त्याच वर्षी नवरात्राच्या दिवसांत तळं लोकांसाठी खुलं झालं.

काठावर फिरायला आलेल्या एका मराठी आजी भेटल्या. लग्न होऊन परभणीहून इथे आलेल्या. म्हणाल्या, "आमच्यात भोंडला, शेजारणींची बतुकम्मा. मी दोन्ही खेळले हो. पण फुलं सोडायला पाणीच उरलं नव्हतं, बादलीत सोडायचो." मी विचारलं, आता? "आता सुनेला घेऊन येते," त्या म्हणाल्या, आणि नल्लाकुंट्याची बस कुठून मिळेल ते मला नीट समजावून सांगितलं.