न वापरलेल्या वस्तूची झीज

मराठीत ‘झिजणे’ हे क्रियापद बहुधा गौरवाने वापरले जाते. चंदन झिजते, आई संसारासाठी झिजते, एखादा कार्यकर्ता संस्थेसाठी आयुष्यभर झिजतो. वस्तूंच्या बाबतीतही आपली दृष्टी फारशी वेगळी नसते. मधोमध खोलगट झालेला उंबरठा किंवा रोजच्या पूजेने नाकडोळे पुसट झालेले देव्हाऱ्यातले टाक पाहताना आपण त्या झिजेत माणसांचा वावर आणि श्रद्धा वाचतो. जुनिचिरो तानिझाकी या जपानी लेखकाने १९३०च्या दशकात लिहिलेल्या ‘इन प्रेज ऑफ शॅडोज’ या निबंधात, हाताळून हाताळून वस्तूंवर चढणाऱ्या मंद तकाकीचे मोठे मार्मिक विवेचन केले आहे. साहित्याच्या अभ्यासकांना ही दृष्टी सहज पटते, कारण खुणांवरून माणसापर्यंत पोहोचणे हाच आपला व्यवसाय आहे.

परंतु या दृष्टीला गोंधळात टाकणारी एक वस्तू गेली काही वर्षे माझ्या मनात घर करून आहे. ती म्हणजे अमेरिकेत खिशात बाळगले जाणारे छोटे रिव्हॉल्व्हर.

या वस्तूची परंपरा जुनी आहे. कोल्ट कंपनीचे दोन इंची नळीचे ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ १९२७ साली बाजारात आले; स्मिथ अँड वेसनचे पाच गोळ्यांचे ‘चीफ्स स्पेशल’ १९५० साली. हेरकथा आणि चित्रपट यांमुळे ही आखूड नळी आपल्याही परिचयाची झाली. तिच्यावरची काळसर निळी झिलई मात्र सहसा आपल्या लक्षात येत नाही. ही झिलई वरून दिलेला रंग नसते. पोलादावर मुद्दाम आणि नियंत्रणाने चढवलेला तो एक प्रकारचा गंजच असतो. तांबड्या, पोखरणाऱ्या गंजाला थोपवण्यासाठी घडवलेला काळा गंज. त्याची जाडी एखाद-दोन मायक्रॉन. तेलाचा हात फिरत राहिला तरच तो टिकतो. घामातले क्षार, दमट हवा आणि खिशातला ओलावा धरून ठेवणारा कापसाचा भुगा हे त्याचे नित्याचे शत्रू होत.

अन्य उपायही झाले. एकोणिसाव्या शतकात खिशातल्या रिव्हॉल्व्हरांवर निकेलचा मुलामा लोकप्रिय होता. निळाई हळूहळू विरळ होत करडी, तपकिरी होते. निकेल मात्र खाली ओल शिरली की पापुद्र्यांनी सुटते. पुढे वजन कमी करण्यासाठी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे सांगाडे आले. त्यांच्यावरचा कठीण थर कडांवर घासला गेला की खालची पांढुरकी धातू उघडी पडते. १९६५ साली स्मिथ अँड वेसनने स्टेनलेस पोलादाचे ‘मॉडेल ६०’ आणले आणि घामाचा प्रश्न बराचसा सुटला. गंज त्यालाही चढू शकतो, पण क्वचित. आणि ओरखडे घासणीने पुसून टाकता येतात. टिकाऊपणाच्या दृष्टीने ही मोठीच प्रगती होती. मात्र पुसता येणारा ओरखडा म्हणजे दिनांक न राहिलेली नोंद. जी वस्तू सर्वात कमी टिकाऊ, तिच्याच अंगावर तिची रोजनिशी सर्वात स्पष्ट उमटते.

ही रोजनिशी वाचता येते, आणि येथेच खरी गुंतागुंत सुरू होते. रिव्हॉल्व्हर किती वेळा झाडले गेले, हे सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर, प्रत्येक छिद्राभोवती जळालेल्या कड्यांवरून काहीसे कळते. ते किती बाळगले गेले, हे अगदी वेगळ्या ठिकाणी लिहिलेले असते : नळीच्या टोकाला, सिलिंडरच्या उंचवट्यांवर, चापाभोवतीच्या कड्याच्या खालच्या बाजूला आणि मुठीच्या मागच्या पोलादी पट्टीवर. सिलिंडरभोवती एक बारीक चकचकीत रेघ पडते. सिलिंडर जागेवर अडकवणारी आतली खुंटी, ते फिरताना त्याच्यावर घासते, त्याची ती रेघ. गोळी न झाडताही ती पडते. उघडून गोळ्या पाहणे, बंद करणे, फिरवून जागेवर बसवणे एवढे पुरते.

माझे मामा ह्यूस्टनमध्ये किराणा आणि किरकोळ वस्तूंचे दुकान चालवत. १९८७ पासून २०१४ पर्यंत, दुकान विकेतोवर, त्यांच्या उजव्या खिशात असे एक निळसर पोलादी रिव्हॉल्व्हर असे. स्वतःच्या दुकानात ते बाळगायला तेथल्या कायद्याची मुभा होती. मामांच्या पश्चात ते मी प्रथम नीट पाहिले. नळीचे टोक रुप्यासारखे उघडे पडलेले, उजव्या अंगाची निळाई जवळजवळ गेलेली, डावे अंग मात्र बरेचसे शाबूत. सिलिंडरभोवतीची रेघ ठळक होती. रोज सकाळी कुलूप उघडण्यापूर्वी ते सिलिंडर उघडून पाहत, असे मामी म्हणाल्या. सिलिंडरचे पुढचे तोंड जवळजवळ स्वच्छ होते. सुरुवातीला सरावासाठी काही वेळा नेले असेल तेवढेच. दुकानात त्यांनी ते एकदाही बाहेर काढले नाही.

मामींनी आणखी एक गोष्ट दाखवली. मामांच्या जुन्या विजारींच्या उजव्या खिशांना आतून जाड डेनिमची ठिगळे होती. अस्तर वर्षभरात फाटे, मग मामी ठिगळ लावत. खिसा लोखंडाला झिजवत होता आणि लोखंड खिशाला. सत्तावीस वर्षांच्या या घर्षणाची एक प्रत रिव्हॉल्व्हरवर होती आणि दुसरी मामींच्या शिवणाच्या डब्याशेजारी, घड्या घालून ठेवलेली.

मामेभावाच्या मनात ते नव्याने निळे करून काचेच्या पेटीत ठेवायचे होते. त्याचा हेतू आदराचाच होता. यावर मामी एवढेच म्हणाल्या, “नवं केलंस की ते कुणाचंही दिसेल. ह्यांचं राहील का?” आणि क्षणभराने, “पण घरात नको मला ते.”

संग्राहकांच्या जगात पहिल्या वाक्याचे उत्तर ठरलेले आहे. तेथे मूळ झिलई किती टक्के उरली आहे यावर किंमत ठरते, आणि जुन्या वस्तूवर नवी झिलई चढवली की ती बहुधा वाढण्याऐवजी उतरते. नवी झिलई चढवण्यापूर्वी पोलाद घासावे लागते. त्यात धारदार कडा गोल होतात, स्क्रूंच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात, कोरलेली अक्षरे बुजतात. पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटेल. पोथी उतरवताना लेखनिक अवघड शब्द ‘सुधारतो’, ओळ सुबोध होते आणि मूळ पाठ हरवतो. गुळगुळीतपणा हीच हस्तक्षेपाची खूण ठरते.

तेव्हा मूळ झीज जपावी, असे म्हणून हा विषय येथे संपवता आला असता. पण मामींचे दुसरे वाक्य तसे करू देत नाही. उंबरठ्याची झीज आपल्याला सुंदर वाटते, कारण तेथे वस्तू आपल्या कामी आली आणि त्यात झिजली. हे रिव्हॉल्व्हर ज्या कामासाठी घडवले गेले ते काम घडलेच नाही, आणि ते घडू नये हीच बाळगणाऱ्याची रोजची इच्छा होती. ते झिजले ते वाट पाहून; जे येऊ नये असे वाटत होते त्याची वाट पाहून. उजव्या अंगाची ती रुपेरी चमक म्हणजे किल्ल्या आणि पाकीट यांच्याबरोबर सवयीने खिशात पडणाऱ्या भीतीचा थर आहे. मामा त्या भीतीविषयी कधी बोलले नाहीत. दुकान कसे चालले आहे, असे विचारले की ते नेहमी “उत्तम” म्हणत.

तानिझाकींनी वर्णिलेली तकाकी मला येथेही दिसते. मुठीमागची पट्टी खरोखर देखणी झाली आहे. परंतु तिला देखणी म्हणताना शब्द घशात अडकतो. खुणा वाचण्याची आपली विद्या झिजेपासून माणसापर्यंत नेते, हे खरे. पण तेथे पोहोचल्यावर जे सापडेल ते आपल्या आवडीचे असेलच, असे नाही. झिजेला ‘माया’ असे नाव देण्याची आपली सवय इतकी जुनी आहे की दुसरा अर्थ समोर असूनही आपण पहिलाच वाचतो. मामी ठिगळे लावत होत्या तेव्हा दोन्ही अर्थ एकाच दोऱ्याने शिवले जात होते.

रिव्हॉल्व्हर सध्या मामेभावाच्या घरी तिजोरीत आहे. कातडी म्यानात ओल धरते म्हणून ते तेलाचा हात फिरवून, म्यानाबाहेर ठेवले आहे. नवी झिलई चढवलेली नाही. विजारी मामींनी स्वतःकडेच ठेवल्या आहेत.