शिखरजीसाठी दमसास



फाल्गुनात शिखरजीला जायचं ठरलं आणि घरात पहिला प्रश्न निघाला, डोली किती जणींना? सासूबाईंना हवीच. मला मात्र वंदना पायी करायची आहे. मधुबनहून ९ किलोमीटर चढ, वर टोकांचं दर्शन घेत ९ आणि उतार ९, असे २७ किलोमीटर, तेही अनवाणी. माझं वय ५३.

शिवाय घरात धास्ती आहेच. गेल्या वर्षी थोरल्या जाऊबाईंची अँजिओप्लास्टी झाली. छातीत कळ अशी आलीच नव्हती. आठवडाभर थकवा, मळमळ आणि जबडा दुखणं. त्या ॲसिडिटी म्हणून ओवा चघळत होत्या. बायकांचं हृदयाचं दुखणं पुष्कळदा असंच येतं बरं का. म्हणून मी आधी डॉक्टरांना दाखवून स्ट्रेस टेस्ट करून घेतली, मगच सुरुवात.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोरदार व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे बोलता येतं, गाता येत नाही. नेरूळच्या ज्वेलवर फेऱ्या मारताना मला भक्तामर चालीत म्हणता आलं की समजावं, पावलं मंद पडली! सूर्यास्तापूर्वी जेवण झालेलं असतं, त्यामुळे तासाभराने भरभर चालणं सोपं जातं.

पण सपाटीवरचं चालणं डोंगराला पुरत नाही. जिन्यावर आपलं सगळं वजन आपणच वर उचलतो, म्हणून दोन मजल्यांतच नाडी जोरात धावते. थोड्या वेळात हृदयाला इतकं काम देणारा, तोही फुकट, दुसरा व्यायाम मला सापडला नाही. आमच्या इमारतीचे सात मजले आता मी तीनदा चढते. उतरताना लिफ्ट, कारण गुडघ्यांना खरा त्रास उतरताना होतो. शिखरजीला मात्र उतारही आहे, म्हणून शेवटच्या फेरीला पायी उतरते. मांड्यांनाही सवय हवी.

गुडघे फारच कुरकुरत असतील तर जिममधली सायकल चांगली, वजन सीटवर राहतं. दोरीच्या उड्या या वयात मला नकोच वाटतात. पोहण्यात तर सांध्यांवर भार जवळजवळ नसतो आणि दम उत्तम वाढतो, पण तलावातल्या त्या पाण्यात उतरायला माझं मन घेत नाही. ज्यांना चालतं त्यांनी जरूर पोहावं.

पावसाळ्यात बागेतल्या शेवाळावर पाय पडू नये म्हणून मी चार महिने जिनाच धरला होता. आता रोज दहा मिनिटं गच्चीवर अनवाणी चालते, तळवे घट्ट व्हायला.

डॉक्टरांच्या परवानगीने जाऊबाईही ज्वेलवर अर्धी फेरी मारतात. डोली एक सांगायची की दोन, ते अजून ठरायचंय.