दोन सेंट

जानेवारीत कोलकात्यात, बालीगंजमधल्या एका घरी बुवांची बैठक होती. मागे तंबोऱ्यावर मी. एरवी पुण्यात कोड लिहितो. दोन दिवसांची रजा टाकून आलो होतो.

तंबोरा मोबाइलवरच्या ट्यूनरनं लावला. चारही तारांना हिरवा दिवा. बुवांनी यमन घेतला आणि दोन तास गायले.

गाण्याआधी ते काही खात नाहीत, म्हणून पानं साडेदहाला वाढली. मटारच्या कचोऱ्या, आलूर दम, शेवटी नोलेन गुडाचा संदेश. खजुराच्या रसाचा हा गूळ थंडीतलाच. मी तिसरी कचोरी घेत होतो, तेवढ्यात शेजारचे आजोबा हिंदीत म्हणाले, पंचम किंचित उतरलेला होता. आणि त्यांनी आलूर दम माझ्याकडे सरकवला.

घास तोंडातच राहिला. ट्यूनर सप्तकाचे बारा सारखे भाग करतो, त्यामुळे त्याचा पंचम षड्जापासून ७०० सेंटवर येतो. ३:२ या गुणोत्तराचा, कानाला हवा असलेला पंचम जवळजवळ ७०२ वर. म्हणजे माझा हिरवा दिवाच उतरलेला होता.

रात्री बुवांना विचारलं, "तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्या आलापातच."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, तुला ऐकू येईल. वाट बघत होतो."

सकाळी निघण्याआधी फोन बॅगेत टाकला आणि तंबोरा घेऊन बसलो. अर्धा तास गेला. बुवा समोर पेपर वाचत होते. लागला की नाही, ते काही बोलले नाहीत. आतून चहासाठी हाक आली, तरी उठलेही नाहीत.