आठवड्याची एकच गोळी

आमच्या यांच्या अंगावर लाल चट्टे आले, त्यावर पांढरे पापुद्रे सुटू लागले, तेव्हा जऊळक्यातली माणसे दोन हात दूर बसू लागली. कुणी महारोग म्हणाले, कुणी करणी. कामावर पाण्याचा पेला वेगळा ठेवलेला पाहिला आणि यांनी मजुरीला जाणेच सोडले. हा सोरायसिस आहे आणि तो शिवल्याने होत नाही, हे आम्हालाही अकोल्याच्या सरकारी दवाखान्यातच कळले.

डॉक्टर म्हणाले, शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशीच विनाकारण चवताळतात आणि कातडीला डिवचतात. जी कातडी तयार व्हायला महिना लागतो, ती चार-पाच दिवसांत वर येते. मलमाने भागेना, म्हणून मेथोट्रेक्सेटची गोळी दिली. आंध्रातल्या भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव आणि त्यांचे सहकारी यांनी १९४०च्या दशकात अमेरिकेत हे औषध घडवले. ते चवताळलेल्या पेशींना आवरते. पण रोगाशी लढणाऱ्या चांगल्या पेशीही थोड्या मंदावतात. म्हणून आधी रक्त तपासले, यकृत तपासले, दडलेला क्षय उठू नये म्हणून छातीचा फोटो काढला.

गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची होती. मी मात्र रोज दिली. वाटले, औषध जास्त तर गुण लवकर. काही दिवसांतच यांचे तोंड आतून सोलले, ताप भरला. दहावीतल्या लेकीने चिठ्ठी वाचली आणि रडतच म्हणाली, "आई, यात तर आठवड्यातून एकदा लिहिलंय!" तसेच अकोला गाठले. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या होत्या. उताऱ्याची इंजेक्शने दिली, तेव्हा कुठे हे वाचले.

आता आमच्या घरी गोळीचा वार रविवार. लेक कॅलेंडरवर खूण करते. फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी. दारू बंद. ताप आला किंवा तोंड आले की गोळी थांबवून थेट दवाखाना. दुसरे कुठलेही औषध विचारल्याशिवाय नाही. ठरल्या वेळी रक्ततपासणी. गरोदर बाईने तर ही गोळी घ्यायचीच नाही.

यांचे चट्टे बरेच ओसरलेत, हे पुन्हा कामावर जातात. भगिनींनो, औषध वाईट नव्हते, माझे न विचारणे वाईट होते. चिठ्ठी कळली नाही तर लाजू नका. दोनदा विचारा, घरातल्या शिकत्या लेकराकडून वाचून घ्या.