दारं धरणं

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारण घरच्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांना आज सांगते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये बाबांच्या महाधमनीचं ऑपरेशन झालं. हृदयातून निघून छातीतून पोटात उतरणारी ही शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. बाबांची ती साडेसहा सेंटिमीटरपर्यंत फुगली होती. फुटली तर वेळच मिळत नाही. म्हणून फुगलेला भाग उघडून तिथे पॉलिएस्टरची नळी शिवायची.

सहीच्या कागदावर जिवाचा धोका लिहिला होता, त्याचं बाबांना काही वाटलं नाही. त्याखालच्या ओळीवर मात्र ते अडले. दोन्ही पाय कायमचे जाऊ शकतात!

"ऑपरेशन छातीचं, मग पाय कसे जातील?"

सर्जननी कागदावर चित्र काढलं. मज्जारज्जूच्या पुढच्या बाजूला एकच बारीक धमनी असते. तिला वाटेत महाधमनीचे फाटे येऊन मिळतात. त्यातला सगळ्यात मोठा फाटा म्हणजे ॲडमकिएविचची धमनी. बहुतेकांमध्ये ती छातीच्या खालच्या भागात, डाव्या बाजूला असते. महाधमनीला चिमटा लावला की हे फाटे उपाशी.

"म्हणजे आमचं टेलचं शेत," बाबा म्हणाले.

डॉक्टरांना कळेना, मग मी सांगितलं. माळशिरसकडे आमचं शेत कालव्याच्या टोकाला आहे. पाणी कमी पडलं की पहिलं करपतं ते टेलचं पीक. डॉक्टर हसले आणि पुढचं सगळं त्याच भाषेत बोलले. चिमट्याच्या खाली पंपाने रक्त पाठवायचं. शरीर ३२-३४ अंशांपर्यंत गार करायचं, म्हणजे पेशींची तहान कमी होते. महत्त्वाचे फाटे नव्या नळीला परत जोडायचे. आणि कमरेत एक बारीक नळी घालून मणक्यातलं पाणी थोडं थोडं काढायचं.

ते कशाला? तर मज्जारज्जू त्या पाण्यात असतो. पाण्याचा दाब वाढला की रक्ताला आत शिरायला जागा उरत नाही. रक्ताचा दाब वर आणि पाण्याचा खाली, या दोघांतल्या फरकावर पाय जगतात. ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी २००२ साली १४५ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नळी नसलेल्यांत १३ टक्के लोकांच्या पायांत लुळेपणा किंवा अशक्तपणा आला, नळी असलेल्यांत २.६ टक्के. पण पाणी भसाभसा काढूनही चालत नाही, मेंदूभोवती रक्तस्राव होऊ शकतो.

ऑपरेशन आठ तास चाललं. शुद्धीवर आल्यावर बाबांनी दोन्ही अंगठे हलवले, आणि मी बाहेर येऊन सगळ्यांना फोन केले. संपलं असं वाटलं.

संपलं नव्हतं. आयसीयूतली नर्स दर तासाला यायची. "आजोबा, पाय उचला. आता दुसरा." रात्रीसुद्धा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी भेटायला गेले तेव्हा बाबांचा नुकताच डोळा लागला होता. ती आली. मी जरा तोडूनच म्हटलं, "अहो, झोपू द्या ना त्यांना! मगाशीच तर बघितलंत."

ती काही बोलली नाही. बाबांना हलवून उठवलं. उजवा पाय उचलला. डावा उचलेना.

पुढची दहा मिनिटं मला नीट आठवत नाहीत. रक्तदाब उतरला होता, आणि सकाळी कमरेची नळी बंद करून पाहिली होती. दाब औषधाने चढवला, नळी पुन्हा उघडली. ऑपरेशननंतर तासांनी, दिवसांनीही असं होऊ शकतं, आणि लवकर लक्षात आलं तर पाय परत येण्याची आशा असते. पहाटे चारला बाबांचा डावा अंगठा हलला.

त्या संध्याकाळी तिने माझं ऐकलं असतं तर? हा विचार अजून झोप उडवतो. निघताना मी तिची माफी मागितली. "नातेवाईक असंच म्हणतात," ती म्हणाली आणि पुढच्या बेडकडे गेली.

बाबांना नंतर सगळं सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले. रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन उसाला दारं धरण्यात त्यांचं आयुष्य गेलं.

"पोरगी दारं धरत होती गं," ते म्हणाले. "दारं धरणाऱ्याला झोप म्हणून चालत नाही."

असो. आता ते काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत जातात, डावा पाय थोडा ओढतो. मावशी, काका, फोन जरूर करा. फक्त दुपारी दोन ते चार नको... तेव्हा ते झोपतात, आणि मी त्यांना उठवत नाही.