माझ्याकडे तर चालतंय!

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणे हा आमचा पोटापाण्याचा धंदा. एकाच आज्ञावलीवर पाच-सहा जणांचे हात फिरतात, म्हणून प्रत्येक बदल एका सामाईक वहीत चढवायचा असतो. आमच्या वहीचे नाव गिट. लिनस टोरवाल्ड्स यांनी ती २००५ साली बांधली. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली हे तिच्यात राहते. चुकीचेही राहते, आणि बाकीचे ते आपापल्या यंत्रावर उतरवून घेतात. म्हणून चढवण्याआधी तपासा, असे मी नव्या पोरांना सांगतो. पोरे तपासतातही. पण काय तपासतात?

बेळगावच्या आमच्या कचेरीतल्या एका मुलाने पतसंस्थेच्या पासबुकावर खातेदाराचे नाव मराठी व कन्नड अशा दोन्ही लिप्यांत छापण्याची सोय केली. त्याच्याकडे झकास चालली. आमच्याकडे मात्र कन्नड नावांच्या जागी रिकामे चौकोन! कन्नड फॉन्टची फाइल वहीत चढलीच नव्हती. नवी फाइल घे, असे गिटला मुद्दाम सांगावे लागते. "सर, माझ्याकडे तर चालतंय!" पोरगा रडकुंडीला आला. खोटे तो बोलत नव्हता. त्याने तपासले ते स्वतःच्या यंत्रावरचे, आम्हाला दिले ते वहीतले. आपल्या भागात पाटीवरच्या लिपीवरून माणसे दुखावतात, हे वाचकांना मी काय सांगावे? पासबुकावर नावाऐवजी चौकोन आले असते तर 'यंत्राची चूक' म्हणून कोणी ऐकून घेतले असते?

आता कोपऱ्यात एक कोरे यंत्र ठेवले आहे. बदल आधी वहीच्या वेगळ्या फांदीवर नोंदवायचा, तिथून त्या यंत्रावर उतरवायचा, चाचण्या चालवायच्या, मगच मुख्य शाखेत घ्यायचा. वेळ जातो, कुरकुर होते. होऊ दे.

शितावरून भाताची परीक्षा मात्र इथे फसवी. २०१४ साली ॲपलच्या आयफोनच्या आज्ञावलीत एक ओळ चुकून दोनदा पडलेली सापडली. तिच्यामुळे समोरच्या संकेतस्थळाची सही खरी की खोटी, हे पडताळणे राहूनच जाई. खरी सही देऊन पाहणाऱ्याला सारे ठीक दिसणार; खोटी देऊन पाहावी तेव्हा कळणार.

त्या मुलाने हल्ली चाचणीसाठी नावांची यादी केली आहे. कुलकर्णींचा रफार, ज्ञानेश्वर, मल्लिकार्जुन, आडनाव न लावणारी आजी, आणि शेवटी एक निव्वळ कोरे नाव. परवा त्या कोऱ्या नावावर छपाई अडली, तर गडी खुशीत मला दाखवायला धावत आला.