अजातशत्रू

शब्दांची कुळे शोधत बसणे हा रिकामटेकड्याचा उद्योग आहे, असे आमच्या घरात मानतात. मला मात्र त्यात मोठी मौज वाटते. परवा 'एनिमी' या शब्दापाशी असाच थबकलो. एनिमी म्हणजे शत्रू, हे आपण शाळेत घोकले आणि तेवढ्यावरच भागवले. त्याचे मूळ आहे लॅटिनमधल्या 'इनिमिकुस'मध्ये. 'अमिकुस' म्हणजे मित्र. त्याला नकार जोडला की झाला इनिमिकुस. हा अमिकुस पुन्हा प्रेम करणे या अर्थाच्या क्रियापदाचा आप्त. म्हणजे शत्रूच्या पोटात मित्र आणि मित्राच्या पोटात प्रेम!

१०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे फ्रेंचच्या वाटेने हा शब्द तिकडे रुजला. त्याआधी इंग्रजांचा घरचा शब्द होता 'फेओन्द', म्हणजे द्वेष करणारा. त्याच साच्यातला दुसरा 'फ्रेओन्द', प्रेम करणारा. दुसऱ्याचा 'फ्रेंड' झाला; पहिला 'फीन्ड' होऊन सैतानाच्या घरी राहायला गेला. आपल्या संस्कृतातही शत्रूला 'अमित्र' म्हणतातच. पाणिनीने तर एका सूत्रात मित्र आणि अमित्र यांना एकाच समासात शेजारी बसवले आहे. फारसीतून आलेला 'दुश्मन' नुसता वाईट मनाचा. त्याला मैत्रीची आठवण नाही.

रोमन लोक व्यवहारी. स्वतःचा वैरी तो इनिमिकुस, राष्ट्राचा वैरी तो 'होस्टिस'. या होस्टिसचा जुना अर्थ नुसता 'परका' असा होता, असे सिसेरो सांगतो. इंग्रजीने हा भेद राखला नाही. सीमेपलीकडच्या, कधी न पाहिलेल्या पोरालाही ती एनिमीच म्हणते. ज्याच्याशी मैत्री जडायला सवडच मिळाली नाही, त्याला हा शब्द लावावा कसा?

मला खरा एनिमी एकच लाभला. आम्ही एका वाड्यात वाढलो, एका सायकलवर डबलसीट शाळेत गेलो. पुढे पैशाच्या एका व्यवहारात त्याने शब्द फिरवला आणि २२ वर्षे आमचा अबोला राहिला. बसमध्ये चारचौघांत अपमान करणाऱ्या कंडक्टरचा चेहरा दुसऱ्या दिवशी मला आठवत नाही. याचा मात्र नुसता खोकला ऐकून मी रस्ता बदलत असे. त्याला नात झाली, त्याची साखर वाढली, सारे मला कळत असे. इतक्या बारकाईने मी कुठल्या मित्राची खबर ठेवली नव्हती.

गेल्या श्रावणात तो गेला. शोकसभेत एक वक्ते गहिवरून म्हणाले, "ते अजातशत्रू होते." शोकसभेत बहुतेक सगळेच अजातशत्रू ठरतात. मुळात हे बिरुद धर्मराजाचे. आणि त्यालाही लढावे लागले ते भावांशीच. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. उठून सांगावेसे वाटले, "अहो, त्याच्यावर असा अन्याय करू नका. त्याला एक शत्रू होता."

तेवढे बोललो असतो, तर त्याला एक मित्र होता हेही सांगून झाले असते.